सुरांची सोयरीक

मांजरसुंबा हे चौरस्त्याचे गाव आहे. बीडकडून येणारा रस्ता येथून चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडे जातो. पश्चिमेचा रस्ता पाटोदा-जामखेडमार्गे अहिल्यानगर गाठतो. पूर्वेचा केज-अंबाजोगाईकडे वळतो. अशा गावाच्या कानावर पडणारे सूरही चहूकडचे असतात. जवळच कपिलधार आहे. तेथे मन्मथस्वामींच्या समाधीकडे निघालेल्या दिंड्यांचे टाळ-मृदंग या परिसराने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहेत. लग्नघरी गोंधळ घालतात तेव्हा संबळ आणि तुणतुणे वाजते. त्याच लग्नाच्या वरातीत रात्री बेंजो वाजतो. आणि हमरस्त्यावर थांबलेल्या एखाद्या मालमोटारीतून पंजाबी गाणे ऐकू येते.

हे सर्व ऐकत वाढलेला मुलगा सकाळी भजनात मृदंगावर बसतो आणि रात्री वरातीत दुसरेच काही वाजवतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "पोरांनी सूर नासवला." पोरे म्हणतात, "जग पुढे गेले." या दोन वाक्यांवर वाद थांबतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न असा : दोन परंपरांचे सूर एकत्र आले म्हणजे ते नासतातच काय? आणि नासत नसतील, तर केव्हा नासतात आणि केव्हा नासत नाहीत, हे ओळखायचे कसे?

घरच्या भांडणाचा निवाडा घरात बसून होत नाही. म्हणून आम्ही थोडे दूरचे उदाहरण घेणार आहोत. ते शीख समाजातील एका तरुण वादकाचे आहे. ते पाहता पाहता आपण पुन्हा गोदावरीच्या काठी कसे येऊन पोहोचतो, हे वाचकांस पुढे दिसेलच.

जसदीपसिंग देगण हे इंग्लंडमधील लीड्स या शहरात वाढलेले सतारवादक. उस्ताद धरमबीरसिंग यांच्याकडे त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले. २०२० साली त्यांनी सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी 'आर्या' ही रचना केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये लीड्सच्या ग्रँड थिएटरात 'ऑर्फियस' हा संगीतनाट्याचा प्रयोग झाला. क्लाउदिओ मोंतेवेर्दी या इटालियन संगीतकाराने १६०७ साली रचलेला 'ओर्फेओ' हा ऑपेरा त्याच्या मुळाशी होता. त्याचे संगीत-दिग्दर्शन देगण आणि पाश्चात्त्य प्राचीन संगीताचे जाणकार लॉरेन्स कमिंग्ज या दोघांनी मिळून केले. एकाच रंगमंचावर तिकडचे हार्पसिकॉर्ड आणि इकडची सतार, तबला अशी वाद्ये बसली. गाणी इटालियन भाषेत होती तशी अनेक भारतीय भाषांतही होती. पुढे २०२४ साली लंडनच्या रॉयल फिलहार्मॉनिक सोसायटीने देगण यांना वादकासाठी असलेला आपला पुरस्कार दिला.

हे ऐकून कोणी म्हणेल, की ही हौशी खिचडी झाली. तसे नव्हते, आणि का नव्हते हे समजून घेणे हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

आपले संगीत मुख्यतः एका पदरी चालते. एक राग, एक षड्ज, त्यावर सुरामागून सूर. अलीकडच्या दोन-अडीच शतकांतील पाश्चात्त्य संगीत मुख्यतः अनेक पदरी आहे. एकाच क्षणी निरनिराळे सूर एकत्र वाजतात आणि त्यांच्या मेळातून अर्थ निघतो. ही दोन नुसती शेजारी ठेवली तर एक दुसऱ्याला झाकून टाकते. वाद्यवृंदातील सूरमेळ सारखा बदलत राहिला, की रागाला स्थिर षड्ज उरत नाही. परंतु मोंतेवेर्दीच्या काळचे संगीत वेगळे होते. त्यात खाली एक खर्जाची ओळ असे आणि वादकाने तिच्या आधारे वरचे सूर आयत्या वेळी भरायचे असत. गायकाने मूळ ओळीला आपल्या बुद्धीने हरकती-मुरक्या जोडाव्यात अशी अपेक्षा असे. म्हणजे लिहिलेले थोडे आणि गाणाऱ्याने घडवायचे पुष्कळ. आपल्या बैठकीची रीत याहून फार दूर नाही. दोन्ही परंपरा जेथे स्वभावाने एकमेकींच्या जवळ येतात, ती नेमकी जागा येथे शोधलेली होती. लग्न जुळवताना दोन्ही घरांची रीत पाहतात, तसेच हे झाले. सोयरीक होते तेव्हा दोन्ही घरे उभी राहतात. एक घर मोडून त्याच्या विटा दुसऱ्या घरात बसवणे याला कोणी सोयरीक म्हणत नाही.

देगण हे असे काही करणारे पहिले नव्हेत. लंडनमध्ये जन्मलेले तबलावादक तलवीनसिंग यांनी तरुणपणी भारतात येऊन तबल्याची तालीम घेतली आणि पुढे तबल्याची विजेच्या यंत्रांवर निर्माण केलेल्या ध्वनींशी सांगड घातली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९९ साली इंग्लंडचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. इंग्लंडातील शीख घरांतली मुले अशा वाटेने का जातात, याचे एक उत्तर गुरुद्वारात सापडते. तेथे कीर्तन रोजचे असते. मुलाच्या हाती पेटी येते, तबला येतो, अलीकडे दिलरुबाही येतो. एका मुलाने दोन-तीन वाद्यांवर हात फिरवणे तेथे नवलाचे नाही. शाळेत त्याला पियानो किंवा व्हायोलिन भेटते, आणि दोन्ही भाषा त्याच्या कानावर एकाच वयात पडतात.

पण याहून खोल उत्तर त्या परंपरेच्या आरंभातच आहे. गुरू नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्याबरोबर प्रवास करणारे भाई मरदाना हे मिरासी घराण्यातील मुसलमान होते आणि त्यांच्या हाती रबाब असे. रबाबाचे कूळ अफगाणिस्तान आणि त्यापलीकडील मध्य आशियात जाते. शिखांचे कीर्तन सुरू झाले तेच अशा सोबतीतून.

पुढे १६०४ साली, म्हणजे मोंतेवेर्दीच्या ऑपेरापूर्वी अवघी तीन वर्षे, पाचवे गुरू अर्जनदेव यांनी संकलित केलेला ग्रंथ अमृतसरच्या हरमंदिरात स्थापन झाला. या ग्रंथाची मांडणी मुख्यतः रागांवर आहे. आज १४३० पानांत छापल्या जाणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात ३१ राग आहेत. काही वारांच्या, म्हणजे पोवाड्यासारख्या दीर्घ रचनांच्या, आरंभी त्या कोणत्या लोकप्रिय चालीवर गाव्यात याची सूचनाही दिलेली आहे. रागदारी आणि गावची चाल या दोहोंना एकाच ग्रंथात मानाचे स्थान मिळाले. एवढेच नव्हे, तर काही रागनामांपुढे 'दखणी' असा शब्द येतो : गौडी दखणी, रामकली दखणी, मारू दखणी. उत्तरेच्या रागाला दक्षिणेचे वळण आहे, असे ग्रंथच सांगतो.

आणि दक्षिणेतून गेले ते केवळ वळण नव्हे. संत नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात आहेत. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मगाव म्हणून परंपरेने पूजले जाते. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि तेथेच एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन भरले होते. ग्रंथातील नामदेवांच्या पदांची भाषा उत्तरेकडची आहे. तरी तिच्यात मधूनच मराठी वळणाची शब्दरूपे डोकावतात. आपल्याकडे टाळ-वीणेच्या साथीने गायिला जाणारा हा संत तेथे आसा, गोंड, भैरव या रागांत गायिला जातो. चाल बदलली, वाद्ये बदलली, लिपी बदलली. नामदेव मात्र नामदेवच राहिले. सुरांची सोयरीक ती हीच.

या कथेचे वर्तुळ पुरे होते ते नांदेडला. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले आणि यापुढे ग्रंथासच गुरू मानावे असे त्यांनी सांगितले, अशी शिखांची श्रद्धा आहे. तेथील सचखंड हजूरसाहिबाची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ या वर्षांत बांधली गेली. मराठवाड्यातून निघालेली नामदेवांची वाणी पंजाबात जाऊन रागांत बसली, ग्रंथात लिहिली गेली आणि त्या ग्रंथाबरोबर पुन्हा गोदावरीच्या काठी आली. आपल्या मातीतला सूर परका होऊन परत येतो तेव्हा त्याला परका म्हणायचे की घरचा, याचे उत्तर नांदेडने केव्हाच दिले आहे.

आता वाद्यांकडे वळू. कारण मिश्रणाचा हिशेब शब्दांपेक्षा वाद्यांत अधिक स्पष्ट दिसतो. दिलरुबा घ्या. त्याची दांडी सतारीसारखी, तिच्यावर पडदे बांधलेले. खालचा भाग सारंगीसारखा कातड्याने मढवलेला आणि वाजवायचे ते गजाने. म्हणजे दिलरुबा हे वाद्यच दोन वाद्यांच्या मेळातून झालेले आहे. ताऊस हे त्याचेच मोठे भावंड, मोराच्या आकाराचे. ताऊस या शब्दाचा अर्थच मोर. सरंदा हे गजाने वाजणारे आणखी एक वाद्य. त्याचा संबंध परंपरा गुरू अर्जनदेवांशी जोडते. तालासाठी 'जोडी' नावाचे दोन नगांचे वाद्य असते. दिसायला तबल्यासारखे, पण बोलणे पखवाजाचे. त्याच्या डाव्या नगावर ओली कणीक थापतात, म्हणजे खर्ज घुमतो. आपल्या भजनातील पखवाजाच्या धुमेलाही कणीकच लावतात. अमृतसरचा जोडीवाला आणि कपिलधारच्या दिंडीतला मृदंगी यांची भाषा एकमेकांस कळणार नाही. परंतु वाजवण्यापूर्वी दोघांचेही हात पिठाने भरलेले असतात.

येथवर सर्व गोडच झाले. पण मिश्रणाची दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर आमचे विवेचन एकांगी होईल. ती बाजू हार्मोनियमची.

हार्मोनियम युरोपात घडले. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास ते सिद्ध केले. पायाने भाता मारायच्या त्या वाद्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याचे, जमिनीवर बसून वाजवता येईल असे रूप दिले. पेटी स्वस्त, टिकाऊ, उचलून नेण्यास सोपी. तारा जुळवायला नकोत, पावसाळ्यात कातडे ढिले पडण्याची चिंता नको. दहा-वीस वर्षे तालीम न घेतलेल्या माणसालाही तिच्यातून सूर काढता येतो. ती गुरुद्वारांत गेली, देवळांत गेली आणि मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हाती तिला प्रतिष्ठाही मिळाली. हे पेटीचे मोठे उपकार आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु पेटीने दिले तसे काही घेतलेही. ते काय, हे थोड्या हिशेबाने पाहू. समजा, षड्जाची कंपने सेकंदाला २४० आहेत. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात जो आपोआप ऐकू येतो, त्या शुद्ध गांधाराचे षड्जाशी प्रमाण पाचास चार असे असते. म्हणजे त्याची कंपने ३०० होतात. पियानोच्या रीतीने जुळवलेल्या पेटीत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्या हिशेबाने गांधार ३०२ च्या थोडा वर जातो. फरक दोन-अडीच कंपनांचा. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. गायकाने ३०० चा गांधार लावला आणि पेटीने ३०२ चा, तर दोन्ही मिळून सेकंदाला दोन-तीन वेळा सूर हेलकावतो, थरथरतो. ही थरथर ऐकून ऐकून कानाची सवय होते आणि काही दिवसांनी गळाच पेटीच्या सुराला जाऊन मिळतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, सारंगीवर बोट तिळभर हलवता येते. पेटीचा सूर जागचा हलत नाही. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात येतच नाही.

ही उणीव जाणत्यांनी ओळखली नव्हती असे नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी करण्याचा उद्योग केला. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत होती. बंदीने पेटी गेली नाही, हे आपण पाहतोच.

शीख कीर्तनात पेटी आली तशी रबाब, सरंदा, ताऊस ही वाद्ये मागे पडली. त्यात १९४७ ची फाळणी झाली. भाई मरदान्याच्या परंपरेतील मुसलमान रबाबी तोवर हरमंदिरात कीर्तन करीत असत. त्यांना सीमेपलीकडे जावे लागले. राजकारणाने एक धागा तोडला आणि सोयीने दुसरा. अखेर २०२२ साली अकाल तख्ताच्या जथेदारांनी हरमंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करून जुनी तंतुवाद्ये परत आणावीत असे सांगितले. त्यावर मतभेद झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या पेटीवर पिढ्यांनी देवाचे नाव घेतले ती परकी कशी, हा रागींचा प्रश्नही वजनाचा आहे. आम्हाला त्या वादात न्यायाधीश व्हायचे नाही. एवढेच नोंदवायचे आहे, की रबाबही एके काळी बाहेरूनच आला होता आणि पेटीही बाहेरूनच आली. रबाबाने गळ्याला मोकळे ठेवले, पेटीने त्याला आपल्या मापात बसवले. दोष बाहेरून येण्यात नाही. आल्यावर घरातल्यांचे कान बदलून टाकण्यात आहे.

हीच कसोटी आता आपल्या वरातीला लावून पाहू. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज १९१२ साली जपानमधील नागोया शहरात तयार झाला. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवण्याची ती युक्ती होती. ते वाद्य समुद्र ओलांडून आपल्याकडे आले, त्याला वीज जोडली गेली आणि ते वरातीपुढे चालू लागले. जपानच्या कारागिराची कळ, मराठी लग्नाची चाल आणि त्यामागे ढोल-ताशा! यात लाजण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही. चिंता आहे ती दुसरी. वरातीला बेंजो आला म्हणून गोंधळाचा संबळ गेला काय? संबळ वाजवणाऱ्याच्या मुलाला संबळाचे बोल येतात काय? येत असतील तर त्याने बेंजो, ऑर्गन, काय वाटेल ते वाजवावे. त्याच्या हातून उद्या काही नवे घडेल. येत नसतील तर ते मिश्रण नव्हे. मिसळायला दोन गोष्टी लागतात. एकच उरली असेल तर मिसळणार काय?

अनेक वाद्ये वाजवणाऱ्या तरुणाविषयी एक गैरसमज असतो, की तो कशातच पुरता नसतो. अनुभव असा, की एका वाद्यावरून दुसऱ्यावर बोटांची सवय फारशी जात नाही. कान मात्र जातो. ज्याचा कान एका वाद्यावर पुरता घडला, त्याला दुसरे वाद्य लवकर वश होते. ज्याचा एकावरही घडला नाही, तो दहा वाद्यांना नुसता हात लावतो. देगण मोंतेवेर्दीकडे गेले ते सतार घेऊन, सतार टाकून नव्हे. मरदान्याचा रबाब नानकांच्या शब्दांबरोबर वाजला. शब्द हरवून नव्हे. नामदेव पंजाबात राहिले. विठ्ठलाला विसरून नव्हे.

म्हणून येथील पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाने नवे वाद्य मागितले तर त्याला अडवू नका. पण त्याच आठवड्यात त्याला गावातल्या मृदंग्याच्या शेजारीही बसवा. संबळवाला म्हातारा झाला असेल तर त्याच्या हातातले बोल तो आहे तोवर कोणी तरी उचलायला हवेत, कारण ते कोठे लिहून ठेवलेले नाहीत. पेटी जुळवताना एकदा तंबोरा लावून दोहोंचा गांधार एकामागून एक ऐका. फरक ज्याला ऐकू आला त्याने पुढे काय मिसळायचे ते खुशाल मिसळावे.

चौरस्त्याच्या गावाला येणारे रस्ते बंद करता येत नाहीत आणि करूही नयेत. येणारा येईल, जाणारा जाईल. आपल्या घरचा सूर कोणता, हे मात्र घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असले पाहिजे.